हात मागे ठेवणाऱ्या बाई

बाईंच्या बालघरात नियम एकच होता, आणि तो मुलांसाठी नव्हता, मोठ्यांसाठी होता. मूल काम करत असलं की आपण शेजारी उभं राहायचं, दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे, डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरायचं आणि मूल स्वतःहून ‘जमत नाही’ म्हणेपर्यंत ते सोडायचं नाही. नवी ताई रुजू झाली की पहिला महिना तिला दुसरं काही शिकवत नसत. ‘‘पण मनगट कशाला धरायचं?’’ असं एखादीनं विचारलंच तर बाई म्हणायच्या, ‘‘तोंड आवरता येतं गं. हात फार आगाऊ. बोलावल्याशिवाय पुढे होतो आणि पोराचं काम उरकून मोकळा होतो.’’

कोपऱ्यावरचा वाणी तर बाई येताना दिसल्या की स्वतःचे हात मागे घ्यायचा. ‘‘या बाई. साखर तुम्हीच मापून घ्या. मागितल्याशिवाय आपण हात लावत नाही.’’ बाई मनापासून हसायच्या. त्यांना चेष्टा चालायची, नियम मोडलेला चालायचा नाही.

आता कुणाला वाटेल, बाई मोठ्या शिकलेल्या असतील, चार पुस्तकं वाचून त्यांनी हे काढलं असेल. तसलं काही नाही. वयाच्या बाविसाव्या वर्षी बाई लहान मुलांच्या कपड्यांच्या कारखान्यात काज-बटण करायला होत्या. एका दुपारी मशिनची सुई त्यांच्या बोटातून आरपार गेली. बोट बरं होईपर्यंत काय करायचं, तर मुकादमानं त्यांना कारखान्याच्या पाळणाघरात धाडलं. ‘‘एका हातानं शिवता येत नाही, पोरं तर सांभाळता येतील?’’ असं त्याचं तर्कशास्त्र. एका खोलीत पंचवीस-तीस पोरं, दोन आया आणि नाकं पुसायला एक टॉवेल. पोरं रडली की खुळखुळा, गप्प बसली की शाबासकी.

त्यांतच साडेतीन वर्षांची एक अबोल पोर होती. तिनं कुठून तरी कारखान्यातलं एक नापास जाकीट ओढून आणलं होतं. आठ बटणांचं. ते जमिनीवर पसरून ती त्याची बटणं लावत बसली होती, ओठ दाताखाली धरून. पहिलं बटण लागायला किती तरी वेळ गेला. बाईंना बघवेना. त्यांनी खाली वाकून सराईत हातानं फटाफट दोन बटणं लावून दिली. पोरीनं वर पाहिलं ते असं, की कुणी तोंडातला घास काढून घेतला असावा. मग तिनं शांतपणे सगळी बटणं सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

बाई चपापल्या. त्यांचा तो आगाऊ हात पुन्हा पुढे होऊ लागला, तेव्हा त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरून मागे नेला. झालं, बालघराची पायाभरणी ती. चाळीस मिनिटं पोर जागची हलली नाही. आठवं बटण लागलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते बाईंनी त्या खोलीत तोवर कुणाच्याच चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. आणि मग पोरीनं काय करावं? आठच्या आठ बटणं पुन्हा सोडली.

‘‘अगं, झालं की! आता कशाला?’’ बाईंच्या तोंडून निघून गेलं.

पोरीनं उत्तर दिलं नाही, कारण तिला वेळ नव्हता. घरी जाताना बाईंना वाटेत उमगलं. आपण समजत होतो, तिला जाकीट लावायचंय. तिला जाकिटाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला लावणं हवं होतं.

पुढे कारखाना बंद पडला. त्याच्या मागच्या अंगाला सुताच्या रिळांचं एक गोदाम होतं, ते बाईंनी भाड्यानं घेतलं आणि अकरा मुलांवर बालघर सुरू केलं. सुताराला टेबलाचं माप सांगितलं तर तो पेन्सिल कानावर ठेवून म्हणाला, ‘‘बाई, हे टेबल आहे की टेबलाचं पिल्लू?’’ पण त्यानं करून दिलं. कपाटं मुलांच्या कमरेएवढी, खुंट्या मुलांच्या खांद्याशी, पाणी प्यायला खरे काचेचे पेले. ‘‘फुटतील ना!’’ पालक म्हणाले. ‘‘फुटायलाच हवेत. स्टीलचा पेला पडला तर आवाज होतो. काचेचा पडला तर कळतं,’’ बाई म्हणाल्या. प्रत्येक वस्तू एकच ठेवायची, म्हणजे दुसऱ्याचं होईपर्यंत थांबणं आपोआप येतं. लोकांनी नावं ठेवायची ती ठेवलीच. फरशी पुसायला पोरीला शाळेत पाठवायचं तर घरची फरशी काय वाईट, असं एका आजोबांनी तोंडावर विचारलं होतं.

बाईंची सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे बटणांची चौकट. लाकडी चौकटीवर ताणलेलं दोन पदरी कापड, त्यावर आठ बटणं, आठ काजं. मूल चुकलं तर कुणी सांगायचं नाही. शेवटी एक काज रिकामं उरतं आणि मुलाला कळतं. ‘‘चूक वस्तूनं सांगावी,’’ बाई म्हणायच्या. ‘‘माणसानं सांगितली की ती चूक राहत नाही, अपमान होतो.’’

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी माणसं आपण पुष्कळ पाहतो. बाई तशा असत्या तर बरं झालं असतं, असं मला कधी कधी वाटतं. पण त्यांनी आपलं ब्रह्मज्ञान घरीही पाळलं, आणि तेही अगदी नाकासमोर सूत धरून.

बाईंना एकच मुलगी. ती अडीच वर्षांची झाली तशी बालघरात यायला लागली. तिथे तिनंही आईला ‘बाई’च म्हणायचं, असं ठरलं. एकदा पडून गुडघा फुटला तेव्हा ती ‘आई’ म्हणून धावत आली. बाईंनी औषध लावलं, फुंकर घातली आणि हळूच म्हणाल्या, ‘‘इथे बाई म्हणायचं ना?’’ लेकीनं मान हलवली. पोर गुणी होती, पुन्हा कधी चुकली नाही.

बाईंचे यजमान घड्याळजी होते. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं टेबल, त्यावर भिंग, चिमटे आणि बारीक स्क्रूंचा कप्प्याकप्प्यांचा डबा. त्यांना बायकोच्या शिक्षणपद्धतीबद्दल आदर होता, पण तो फक्त बायकोसमोर. बाई आत गेल्या की ते लेकीच्या बुटांच्या नाड्या पटकन बांधून द्यायचे आणि डोळा मिचकावायचे. बाईंना ते ठाऊक होतं. त्या खोकून मगच बाहेर यायच्या.

लेक चौदा वर्षांची असताना घड्याळजी गेले. चारच दिवसांचं आजारपण झालं. लोक येऊन गेले, घर रिकामं झालं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी लेक वडिलांच्या टेबलापाशी गेली. धक्का लागून तो स्क्रूंचा डबा खाली पडला. शेकडो स्क्रू, मोहरीएवढे, फरशीभर. लेक खाली बसली आणि चिमट्यानं एकेक स्क्रू उचलून, मापाप्रमाणे कप्प्यांत ठेवायला लागली. बाई दारात आल्या. त्यांचा जीव गलबलला. पुढे व्हावं, पोरीला पोटाशी धरावं, स्क्रू गेले खड्ड्यात. पण हात सवयीनं मागे गेले आणि डाव्यानं उजव्याचं मनगट धरलं. मागेल, बाईंना वाटलं. आता मागेल.

दीड तास गेला. शेवटचा स्क्रू कप्प्यात पडला. लेकीनं डबा बंद केला, उठली, बाईंच्या शेजारून आत जाताना म्हणाली, ‘‘झालं.’’

आणि बाईंना, सांगायला लाज वाटते पण खरं आहे, अभिमान वाटला. एकटीनं केलं पोरीनं! स्क्रू तिला एकटीला जमण्यासारखेच होते. जे जमत नव्हतं ते स्क्रू नव्हते, हे कळायला त्या माउलीला पुढे कित्येक वर्षं लागली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्या दिवसानंतर लेकीनं आईकडे काही मागितलं नाही. कॉलेज स्वतः शोधलं, नोकरी स्वतः मिळवली, नवराही स्वतःच पसंत केला आणि मग फोनवर कळवलं. भांडण कधीच नव्हतं. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. दर रविवारी फोन यायचा.

‘‘बरी आहेस ना?’’

‘‘बरी आहे. तू?’’

‘‘मी पण. काही हवंय का तुला?’’

‘‘नाही गं. तुला?’’

‘‘नाही.’’

चार मिनिटांत फोन संपायचा. त्या चार मिनिटांसाठी बाई तासभर आधीपासून फोनशेजारी खुर्ची ओढून बसायच्या. हजारभर मुलं हाताखालून गेली, त्यांतली कितीतरी अजून येऊन ‘बाई, काय करू सांगा ना’ म्हणून खनपटीला बसत. बाई त्यांना सांगत आणि मनात म्हणत, माझ्या पोरीनं एकदाच विचारावं. अगदी भाजीत मीठ किती घालू, एवढं विचारलं तरी चालेल. बाकी आयुष्याकडून त्यांचं दुसरं काही मागणं उरलं नव्हतं.

बाईंनी सत्तरी ओलांडली आणि हात कापायला लागले. आधी उजवा, मग दोन्ही. डॉक्टर म्हणाले, नसांचं दुखणं आहे, गोळ्यांनी आटोक्यात राहील, जाणार नाही. बाईंनी हे कुणालाही सांगितलं नाही. बालघर आता मोठ्या ताई सांभाळत होत्या, पण बाई रोज सकाळी तासभर जात, मुलांशेजारी उभ्या राहत. मनगट घट्ट धरून हात मागे ठेवला की तो कापलेला कुणाला दिसत नाही. म्हातारपणी नियमाचा असा उपयोग होईल, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात लेकीचा फोन आला, रविवार नसताना. नवऱ्याला परदेशात नोकरी लागली होती, तो पुढे गेला होता, घर आवरून तीही निघणार होती. पाच वर्षांसाठी, कदाचित जास्तच. ‘‘जायच्या आधी आठ दिवस येते. चिमणीला घेऊन.’’ चिमणी म्हणजे नात, चार वर्षांची, आणि तोंडाचा पट्टा असा की चिमण्यांनी कानांवर पंख ठेवावेत.

बाईंनी घर घासूनपुसून लख्ख केलं. दोन वर्षांपूर्वी लेकीनं पार्सलनं पाठवलेला राखाडी स्वेटर बाहेर काढला. आठ बटणांचा. ‘अंगाला होतो का कळव,’ असं सोबतच्या चिठ्ठीत होतं, आणि बाईंनी ‘होतो’ एवढंच कळवलं होतं. ती चिठ्ठी त्यांनी औषधांच्या डब्यात जपून ठेवली होती.

चिमणीला बालघर फार आवडलं. पहिल्याच दिवशी ती बटणांच्या चौकटीपाशी जी बसली, ती उठेना. बाई शेजारी उभ्या होत्या, दारात लेक उभी होती. दोघींनी एकदमच एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनी एकदमच दुसरीकडे पाहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी बाई खिडकीशी बसून स्वेटरची बटणं लावत होत्या. दहा मिनिटं झाली तरी तिसरं बटण काजात जाईना. चिमणी समोर येऊन उभी राहिली. बघत राहिली. तिचे दोन्ही हात मागे होते.

‘‘आजी, तुला येत नाही?’’

‘‘येतं गं. हळूहळू येतं.’’

‘‘तू मला सांग ना, लाव म्हणून. मला येतात बटणं.’’

‘‘मग लाव की! अशी लांब का उभी?’’ बाई हसत म्हणाल्या.

‘‘आई म्हणाली, आजीनं मागितल्याशिवाय हात नाही लावायचा. आजीला आवडत नाही.’’ मग चिमणीनं आवाज खाली आणला, म्हणजे शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतपतच ठेवला. ‘‘आई पण वाट बघतेय. तुझे हात असे असे होतात ना, ते आईनं पहिल्याच दिवशी पाहिलं. ती रडली पण. तू मागतच नाहीस.’’

बाईंनी चिमणीला जवळ घेतलं आणि तिच्याकडून बटणं लावून घेतली. चार सरळ लागली, चार वाकडी. त्या दिवशी बालघरात त्या तशाच गेल्या.

पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. पुढचे तीन दिवस बाईंनी लेकीशी बोलायला किती वेळा तोंड उघडलं याला गणती नाही. ‘‘अगं ऐक,’’ म्हणायच्या, लेक हातातलं सोडून वळायची, आणि बाई म्हणायच्या, ‘‘चहा घेतेस?’’ तीन दिवसांत दोघींनी इतका चहा प्यायला की चिमणीनं सुद्धा विचारलं, आपल्या घरात दूध संपत कसं नाही. लेकही स्वयंपाकघराच्या दारात येऊन थबकायची. ‘‘आई...’’ ‘‘काय गं?’’ ‘‘काही नाही. डबा कुठे ठेवू?’’ दोघी एकाच शाळेत शिकलेल्या. कोण कुणाला सांगणार?

आठवा दिवस उजाडला. गाडी नऊला येणार होती. बॅगा दारात गेल्या, त्यांतल्या सगळ्यात मोठीवर चिमणी घोड्यावर बसावी तशी बसली. निरोप द्यायला बाहेर जायचं म्हणून बाई आतल्या खोलीत गेल्या आणि कपाटाच्या आरशासमोर स्वेटर चढवला. बोटं त्या दिवशी अजिबात ऐकत नव्हती. मोठ्या मुश्किलीनं त्यांनी शेवटचं बटण लावलं आणि वर पाहिलं. गळ्याशी एक काज रिकामं उरलं होतं.

आरशात त्यांना लेक दिसली. दारात उभी होती. हात पाठीमागे. खांद्यांवरून कळत होतं, मनगट किती घट्ट धरलंय ते. ओठ दाताखाली. चाळिशी गाठलेली लेक, पण उभी अशी, की बाईंना तिचं चौदावं वर्ष दिसलं, आणि आपण स्वतः त्या दुसऱ्या दारात कशा दिसत असू तेही दिसलं.

आता नाही तर कधीच नाही, बाईंना वाटलं.

‘‘जमत नाही गं,’’ त्या म्हणाल्या.

हे दोन शब्द त्यांनी हजार मुलांच्या तोंडून ऐकले होते. म्हणायला इतके जड असतील, याची कल्पना नव्हती. ‘‘वर्ष झालं, बोटं ऐकत नाहीत. तुला सांगितलं नाही. लावून देतेस?’’

लेक आली. बाई पलंगाच्या कडेवर बसल्या, लेक समोर जमिनीवर. तिनं आधी चुकलेली सगळी बटणं सोडली.

‘‘मला वाटलं, मागणारच नाहीस तू,’’ ती म्हणाली. ‘‘मी निघून जाईन आणि तू ‘बरी आहे’ म्हणत राहशील.’’

‘‘मी तुझी वाट बघत होते. तू मागशील म्हणून.’’

‘‘मी चौदा वर्षांची होते, आई. मला नव्हतं मागता येत.’’

‘‘हो,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मला दिसत होतं. मी यायला हवं होतं. चुकलं माझं.’’

लेकीनं मान खाली घातली आणि अगदी खालचं बटण हातात घेतलं. बटणं खालून लावायची, हे तिला याच बाईंनी शिकवलं होतं. एक लागलं. दुसरं लागलं. ती घाई करत नव्हती. पाचव्याशी थांबून तिनं डोळे बाहीला पुसले. बाईंचे हात कधी पुढे आले आणि तिच्या केसांवर गेले, ते बाईंना कळलं नाही. ते भरपूर कापत होते.

सातवं लागलं. आठवं लागलं. एकही काज उरलं नाही. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि बॅगेवरून चिमणी ओरडली, ‘‘आई, झालं का?’’

लेकीनं उत्तर दिलं नाही. तिनं स्वेटरवरून एकदा वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, आठच्या आठ बटणं सोडली आणि पुन्हा खालून लावायला सुरुवात केली. बाईंनी तिला अडवलं नाही.